तेराशे चाळीस ग्रॅम

पहिल्या दिवशी मला बाहेर काढलं.
काचेपलीकडे सिस्टरनं तुझी टाच धरली,
टोचली, दाबली, थेंब घेतला.
तू किती रडलीस ते कळलं नाही,
काच जाड होती. तोंड उघडलेलं दिसलं, तेवढंच.
मी भिंतीवरची हात धुण्याची सूचना
गुजरातीत वाचली, मग हिंदीत,
मग पुन्हा गुजरातीत.

तुझी आई वर तिसऱ्या मजल्यावर,
टाके ओले, अंगात ताप.
तिच्याकडे तुझे फोटो जायचे, तू नाही.
दांडिया बाजारच्या घरी पाळणा अजून माळ्यावरच.

माझी नोकरी वजनमाप खात्यातली.
खंडेराव मार्केटात काटे तपासतो,
वजनं उलटी करून शिशाचा ठसा बघतो,
पाच ग्रॅम खोट निघाली की पावती फाडतो.
सकाळी तुझा आकडा सिस्टरच्या आधी वाचायचो:
तेराशे चाळीस.
तेराशे दहा.
तेराशे पंधरा.

चौथ्या दिवशी रमीलाबेन म्हणाल्या,
"भाई, आज बाहेर नथी जवानुं.
शर्टाची बटणं काढा."
म्हटलं, मला बघवणार नाही.
"बघायचं नाहीच आहे. धरायचं आहे."

बेचाळिसाव्या वर्षी बाप झालेल्या माणसाची छाती,
अर्धे केस पांढरे,
त्यावर तुला ठेवलं, बेडकासारखं, पोट पोटाला.
एक हात डोक्यावर, टोपीसारखा.
दुसऱ्यात पाय गोळा करून वर,
आत असताना असायचे तसे.
एक टाच तेवढी बाहेर.
"दाबू नका. कुरवाळू पण नका.
हात नुसता असू द्या."
हात नुसता असू देणं
मला कुणी शिकवलं नव्हतं.

वरून दूध आलं,
अर्धा तास पिळून निघालेलं, सिरिंजच्या तळाशी,
पिवळट, दोन मिली.
त्यातले थेंब जिभेवर. तू मचमच केलीस.
मग थांबलो. दोन मिनिटं.
बडोद्यात इतकी लांब दोन मिनिटं
मी कधी बघितली नव्हती.

मग सुई.

दुखलं नाही असं म्हणणार नाही.
दुखलं. कपाळावर आठी आली,
तुझ्या आजोबांची, मधेच तुटलेली.
पायानं माझ्या मुठीत लाथ मारली,
पावसाळ्यात फुगलेल्या दाराचा निघतो
तसा एक आवाज निघाला,
आणि मी श्वास सोडला तसा
तूही सोडलास.
सवयीनं मोजत होतो.
सतरावर पोचलो तेव्हा तू झोपली होतीस,
आणि रमीलाबेन टाचेवर कापूस धरून
दुसऱ्या बाळाच्या बापाला हाक मारत होत्या.

त्यांच्याकडे एक कागद असतो.
कपाळ, डोळे, नाकाशेजारची घडी,
प्रत्येकाला गुण, शून्य ते तीन. मग बेरीज.
किती, मी विचारलं.
"काल बार. आज पांच."
या मापावर ठसा कुणी मारत नाही.
मी वादही घातला नाही,
नोकरीत पहिल्यांदाच
समोरच्याच्या शब्दावर आकडा घेतला.

पण त्याआधीचे चार वेळा.
तेव्हा मी सूचना वाचत होतो.

सातव्या दिवशी उत्तराला
चाकांच्या खुर्चीतून खाली आणलं.
ती तुझ्याकडे बघेना, माझ्या हातांकडे बघत राहिली.
"तुला येतं?"
घरी पातेलं उतरवताना चिमटा पाडणारा मी,
मी दाखवलं: हा इथं. हा असा.
हलवू नको.
तिनं विचारलं, किती वेळ?
म्हटलं, सुई होईपर्यंत. आणि नंतर जरा जास्त.

आज मार्केटात गवारवाल्यानं टोकलं,
साहेब, बटण.
खाली बघितलं तर वरची तीन उघडीच,
आणि केसांत तुझ्या टोपीच्या लोकरीचा
निळा धागा.
मी एक हातानं बटणं लावली.
दुसऱ्यात त्याचं किलोचं वजन होतं,
बराच वेळ, उलटं न करता,
नुसतंच.